राजीनामा ऐकायची परीक्षा

इस्त्रीताईच्या हातून आजवर एकही माणूस सुटला नव्हता. हे तिचं स्वतःचं म्हणणं, आणि लॉन्ड्रीतलं कोणीही ते खोडून काढायच्या भानगडीत पडत नसे. खोडून काढायचं तर तिच्यासमोर खुर्चीवर बसावं लागलं असतं, आणि त्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे हं. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे धुणारा चांगला ऐसपैस कारखाना. एका दाराने मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या आत यायच्या, दुसऱ्या दाराने पांढरेशुभ्र गठ्ठे बाहेर पडायचे, आणि मधे सगळी वाफ, घरघर आणि माणसं. ताई तिथे लागली ती रोलरवर. रोलर म्हणजे मोठं गरम लाटण्यासारखं मशीन. चादरीची दोन टोकं दोघींनी धरायची, एका वेळी सोडायची, की चादर इस्त्री होऊन पलीकडे निघते. पण दोघींचं आपसात बिनसलेलं असलं की एकीचा हात मागे राहतो आणि चादर तिरकी जाते. तिरक्या चादरी कमी व्हाव्यात म्हणून ताई भांडणं मिटवायला लागली, ती मिटवता मिटवता पाळीची मुकादम झाली, आणि शेवटी तिला ऑफिसात टेबल मिळालं. नाव मात्र इस्त्रीताईच राहिलं.

तिची पद्धत साधी होती. कोणी राजीनामा घेऊन आलं की आधी बसवायचं, मग चहा मागवायचा. चहा चांगला कडकडीत असला पाहिजे, कारण तो संपेपर्यंत माणसाला उठता येत नाही, आणि ताईला तेवढा वेळ रग्गड व्हायचा. आईची तब्येत कशी आहे इथून गाडी सुटायची, ती नव्या ठिकाणचे मालक सुरुवातीला कसे गोड बोलतात आणि मग कसे रंग दाखवतात, हे स्टेशन घेत घेत, ‘तुझ्यासारखा माणूस गेला तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं’ इथे येऊन थांबायची. कप रिकामा होईपर्यंत राजीनामा घडी होऊन त्याच्याच खिशात परत गेलेला असायचा. ट्रॉल्या ढकलणारा एक उंच माणूस तर राजीनामा घेऊन दोन-तीनदा आला, आणि दर वेळी चहा पिऊन परत गेला. पुढे पुढे तो नुसताच चहाला येऊ लागला. ताईला याचा कोण अभिमान!

मग लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंच्या मनात आलं की कारखाना वाढतोय, तर रीतसर मनुष्यबळ अधिकारी नेमावा. त्यांनी ताईला बोलावून सांगितलं की काम तर तूच करतेस, पण त्या खुर्चीला पदवी लागते, एचआरची. तू पदवी घे, तोवर मी जागा रिकामी ठेवते. दुसरं कोणी असतं तर या वयात कसली पदवी म्हणून हात जोडून मोकळं झालं असतं. ताई घरी आली ती दोन प्रवेश ठरवूनच. एक स्वतःचा आणि एक चिंगीचा.

चिंगी तिची एकुलती एक मुलगी. शाळा नुकतीच संपलेली. आता पुढे काय, हा प्रश्न घरात पडायच्या आधीच ताईने त्याचं उत्तर देऊन टाकलं होतं. माणसं सांभाळायचं शिक्षण घेतलेला कधी उपाशी मरत नाही, बसून काम, डोक्यावर पंखा, आणि मायलेकी एका वर्गात म्हणजे पुस्तकं एकच, जायचं-यायचंही बरोबर. चिंगीला विचारायचं राहिलं. म्हणजे विसरलं असं नाही, विचारायचं असतं हेच ताईच्या डोक्यात आलं नाही. आपण मुलाला ताप आला की औषध देतो, तेव्हा थोडंच विचारतो?

आता खरी गोष्ट अशी की चिंगी लहानपणापासून शाळा सुटली की लॉन्ड्रीत यायची. तिने ऑफिसात बसून गृहपाठ करायचा असं ठरलेलं होतं, आणि ती कायम सापडायची ती मागे बॉयलरजवळ. बॉयलरवाले काका म्हणून एक मेकॅनिक होते, त्यांच्या पाठीपाठी फिरायची. कुठली झडप चिकटतेय, कुठल्या पंपाचा आवाज बदललाय, हे काकांच्या आधी तिच्या कानाला कळू लागलं. ताई फ्रॉकला लागलेलं ग्रीस बघून कपाळाला हात लावायची आणि पोरखेळ म्हणून सोडून द्यायची.

तर अशा या दोघी कॉलेजात दाखल झाल्या. ताई पहिल्या बाकावर, चिंगी शेवटच्या. सगळा वर्ग ताईला काकू म्हणू लागला, आणि महिन्याभरात पोरांची भांडणंही तिच्याकडे यायला लागली. शिकवणाऱ्या मॅडम ताईपेक्षा वयाने बऱ्याच लहान, आखूड केसांच्या, चटपटीत, आणि कोणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्या ताईला ताईच म्हणत, पण मार्क देताना नातं बघत नसत. भरतीच्या तासाला त्यांनी विचारलं, उमेदवाराची पारख कशी कराल, तर वर्ग चाचण्या आणि मुलाखतींची नावं घेत होता आणि ताई म्हणाली, त्याच्या जुन्या शेजाऱ्यांना विचारीन. माणसाच्या गरजांचा एक जिना असतो, आधी पोट, मग सुरक्षितता, मग मान, असं काहीसं शिकवलं, तेव्हा ताईने पेपरात त्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर चहाचं महत्त्व लिहून ठेवलं. संख्याशास्त्राशी मात्र तिचं हाडवैर. तिथे चिंगीच तिला हाताला धरून न्यायची, आणि ताई दर रविवारी तक्रार करायची की माणसांच्या शिक्षणात हे आकडे आलेच कशाला.

दुसऱ्या वर्षी मात्र घोडं अडलं. विषयाचं नाव होतं एक्झिट इंटरव्ह्यू, म्हणजे नोकरी सोडून चाललेल्या माणसाची शेवटची मुलाखत. मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून सांगितलं की या माणसाचा राजीनामा मंजूर झालेला आहे, तो जाणार आहे. त्याला थांबवायचं नाही, त्याच्याशी वाद घालायचा नाही, त्याला कसलं आश्वासन द्यायचं नाही. ठरलेले प्रश्न विचारायचे आणि तो का चाललाय ते ऐकून घ्यायचं. ताईला हे ऐकून आधी वाटलं मॅडम थट्टा करतायत. जाणाऱ्या माणसाला थांबवायचं नाही, तर त्याला समोर बसवायचंच कशाला?

याचं प्रात्यक्षिक असायचं. एक विद्यार्थी अधिकारी, एक विद्यार्थी सोडून जाणारा. ताईसमोर वर्गातला एक चष्मेवाला मुलगा आला. त्याला सांगितलं होतं की तू दुसरीकडे जास्त पगारावर चालला आहेस. ताईने त्याला आईची तब्येत विचारली, आणि थोड्याच वेळात तो बिचारा पाळी बदलून मिळणार असेल तर राहायला तयार झाला, वर चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचंही त्याने कबूल केलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मॅडमनी नापास केलं.

ताईला कळेचना. ती म्हणाली, मी त्याला जाऊ दिलं नाही की हो. मॅडम म्हणाल्या, त्याचेच तर मार्क गेले. दुसऱ्या खेपेला समोर एक अबोल मुलगी होती, ती आपणहून म्हणाली मी जातच नाही. पुन्हा नापास. आता एकच संधी उरली होती. ती हुकली तर विषय राहणार, वर्ष जाणार, आणि मालकीणबाईंनी आडून आडून सुचवलं होतं की जागा आणखी फार दिवस रिकामी ठेवणं त्यांना अवघड आहे. बाहेरून आलेले अर्ज त्यांच्या टेबलावर पडलेले ताईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. घरी भांडी घासता घासता ती ठरलेले प्रश्न पाठ म्हणायची, आणि दर प्रश्नानंतर ओठ मिटून धरायचा सराव करायची. जमत नव्हतं.

आणि इकडे चिंगीचं काय चाललं होतं? ते सगळ्या जगाला ठाऊक होतं, फक्त आईला नाही. दुसऱ्या शहरात एक तंत्रशिक्षण संस्था होती, बॉयलर आणि मोठ्या यंत्रांचं शिक्षण देणारी. चिंगीने गुपचूप तिची प्रवेश परीक्षा दिली होती आणि तिला जागाही मिळाली होती. शुक्रवारपर्यंत हो म्हणून कळवायचं होतं. बॉयलरवाल्या काकांना ठाऊक, शेवटच्या बाकाला ठाऊक, कॉलेजच्या कॅन्टीनवाल्याला ठाऊक, आणि चिंगीच्या बाबांनाही ठाऊक. बाबा शहर बसवर ड्रायव्हर. इतकी वर्षं ताईबरोबर संसार करून त्यांनी गप्प बसण्यात जी पारंगतता मिळवली होती, तिला खरं तर विद्यापीठाने आधीच पदवी द्यायला हवी होती. ते चिंगीला एवढंच म्हणाले होते की जा, पण तिला तू सांग.

सांगायचं म्हणजे काय सोपं होतं? आई, मला एक बोलायचंय, असं चिंगी म्हणाली की ताई म्हणायची बोल ना, आणि पुढचा अर्धा तास स्वतः बोलायची. एकदा चिंगी धीर करून ‘मला एचआर’ इथवर पोचली, तर ताईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, अवघड जातंय ना, मलाही जातं, आपण दोघी मिळून करू, म्हणाली आणि चहा टाकायला उठली. तो कप हातात घेऊन चिंगी गच्चीवर जाऊन रडली. आईचा राग आला म्हणून नव्हे. आई इतकी मायेने बोलते की तिला नाही म्हणायला तोंडच उघडत नाही, म्हणून.

सोमवारी चिंगी मॅडमकडे गेली आणि म्हणाली, आईच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला सोडून जाणारी म्हणून मी बसते. मॅडमनी भुवई उंचावली. आईला पास करायचा डाव आहे का, असं स्पष्टच विचारलं. चिंगी म्हणाली, तिला माझ्यापेक्षा अवघड माणूस तुम्हाला सापडणार नाही. मॅडमनी विचार केला, आणि त्यांना ते पटलं. पोटच्या पोरीला न अडवता जाऊ देईल ती कोणालाही जाऊ देईल, असं त्यांचं गणित. चिंगीचं गणित त्यांना ठाऊक नव्हतं. चिंगीने एवढंच ओळखलं होतं की साऱ्या दुनियेत एकच खुर्ची अशी आहे, जिच्यावर बसलं की समोरच्या आईला मधे बोलायची बंदी आहे.

बुधवारी वर्गातले बाक मागे सरकवून मधोमध एक टेबल आणि दोन खुर्च्या ठेवल्या. टेबलावर पाण्याचा जग आणि पेला. चहा मॅडमनी मुद्दाम नाव घेऊन बंद केला होता. ताई इस्त्रीची साडी नेसून आली होती. समोर चिंगी आहे बघून तिचा जीव भांड्यात पडला. आपली पोर आहे, सांभाळून घेईल.

“बसा,” ताई म्हणाली. पोरीला अहो-जाहो करताना पाहून मागे कोणीतरी खुदकलं. “तुम्ही आमच्याकडे कधीपासून आहात?”

“जन्मापासून,” चिंगी म्हणाली.

वर्ग हसला, ताईही हसली. कार्टीला परीक्षेतही वात्रटपणा सुचतो, असं तिच्या मनात आलं. तिने पुढचा प्रश्न विचारला, सोडायचं कधी ठरवलंत.

“शाळा सुटल्यावर बॉयलरजवळ जाऊन बसायचे ना, तेव्हा. नक्की आत्ता ठरवलं.” चिंगीचे दोन्ही हात मांडीवर घट्ट धरलेले होते. “यंत्रांचं शिकायला चालले आहे. दुसऱ्या शहरात. जागा मिळालीये. शुक्रवारपर्यंत हो म्हणायचंय.”

ताईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढून कुठे ठेवायचं ते तिला कळेना. तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमही चपापल्या होत्या. मग तिने शेवटच्या बाकाकडे पाहिलं, आणि तिथल्या एकाही चेहऱ्यावर नवल नव्हतं. एकदाचं सांगून टाकलं बुवा, असं हुश्श तेवढं होतं. तेव्हा ताईला उमजलं की हे नाटकातलं नाही.

तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला, जिथे एरवी चहाचा कप असतो तिथे. हाताला पेला लागला. तिने पाणी ओतलं आणि स्वतःच प्यायली. बोलायला तर किती होतं! दोन वर्षं पाण्यात घालवायची का, परक्या शहरात आजारी पडलीस तर कोण बघणार, वाफेने हात भाजून घेशील, निदान उरलेलं एक वर्ष थांब, पदवी पदरात पाडून घे आणि मग कर काय करायचं ते. एकेक वाक्य तिच्या जिभेवर रांग लावून उभं होतं, आणि त्यातलं एकही आजवर फुकट गेलेलं नव्हतं. तिने तोंड उघडलं.

चिंगीला ते दिसलं. आई काय बोलणार ते तिला पाठ होतं. तिने मान किंचित खाली घातली, खांदे सैल सोडले आणि चेहरा मिटून घेतला. बोल बाई, बोलून घे, असा तो चेहरा. ताईने तो ओळखला. उंच ट्रॉलीवाला शेवटच्या खेपेला चहाचा कप खाली ठेवताना असाच दिसत होता. रोलरवरच्या बायका, चष्मेवाला, ती अबोल मुलगी, सगळ्यांचे चेहरे असेच व्हायचे. त्याला ती आजवर ‘पटलं’ म्हणत आली होती. पटलेलं नव्हतं काही. माणसं थकायची तिच्यापुढे.

ताईने तोंड मिटलं. मग पदर सारखा केला आणि विचारलं, “आमच्याकडे तुम्हाला काय खटकलं?”

चिंगीने दचकून वर पाहिलं. एवढ्या तयारीनिशी आली होती, पण आई खरंच विचारील अशी तिची तयारी नव्हती.

“तसं काही नाही,” ती म्हणाली. “माणसं चांगली आहेत. फक्त मला ज्या जागेवर घेतलंत, तिच्यासाठी मी अर्ज केला नव्हता.”

“मग आधी का नाही सांगितलंत?” हा प्रश्न ठरलेल्यांत नव्हता. मॅडमनी तो खपवून घेतला.

“सांगायला आले होते. तुम्ही चहा टाकायला गेलात.”

या वेळी कोणी हसलं नाही. ताईने पुढचं विचारलं, आवडलं काय. चिंगीचा आवाज बारीक झाला. ती म्हणाली, वरिष्ठ फार जीव लावायच्या, इतका की त्यांच्यासमोर आपलं काही वेगळं आहे असं म्हणताना चोरी केल्यासारखं वाटायचं. ताई ऐकत होती. मधे बोलली नाही, मान हलवली नाही, डोळे भरले तेही पुसले नाहीत. तिच्या आयुष्यात एवढा वेळ ती पहिल्यांदाच गप्प बसली असेल, आणि फार त्रास झाला तिला, खोटं कशाला सांगू.

ठरलेल्यांतला एकच प्रश्न उरला होता. आमच्याकडे पुन्हा यायला आवडेल का? ताईला तो पाठ होता. पण नाही असं उत्तर आलं तर? ती उठली, म्हणाली, “बरं आहे. या तुम्ही,” आणि पिशवी उचलून वर्गाबाहेर गेली.

मॅडम तिच्या मागोमाग बाहेर आल्या. पास झालात, म्हणाल्या, आणि मग जरा घुटमळून, “शेवटचा प्रश्न राहिला तेवढा. त्याचे मार्क कापावे लागतील.” ताई म्हणाली कापा.

जिन्यात चिंगीने तिला गाठलं, आणि तिथे ताईचा बांध फुटला. परीक्षेत कोंडीत धरलंस मला, घरी बोलायला काय तोंडाला कुलूप लागलं होतं, असं ती बोलली, वाईट वाटलं हेही बोलली, आणि मग कोणाकोणाला ठाऊक होतं ते विचारलं. चिंगी नावं घेत गेली. कॅन्टीनवाल्याचं नाव ऐकल्यावर ताई पायरीवर बसलीच. त्याला सांगितलंस आणि मला नाही? चिंगी तिच्या शेजारी बसली. म्हणाली, तो ऐकत होता गं, आई. दोघी तशाच बसून राहिल्या आणि येणारी-जाणारी पोरं त्यांना वळसा घालून उतरत राहिली.

घरी जायला जी बस मिळाली ती नेमकी बाबांचीच निघाली. त्यांनी आरशात दोघींचे सुजलेले डोळे पाहिले आणि काय ते ओळखलं. ताई थेट त्यांच्या सीटमागे जाऊन उभी राहिली. “तुम्हालाही ठाऊक होतं?”

बाबांनी मान न वळवता बोटाने वरची पाटी दाखवली. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. सगळ्या बसने ती पाटी वाचली, आणि ताईला रागातही हसू फुटलं, ते लपवायला ती खिडकीकडे वळली.

त्यानंतर दीड दिवस ताई कोणाशी बोलली नाही. घराला ही शांतता झेपेना. बाबा तर इतके घाबरले की आपणहून बोलायला लागले. मग गुरुवारी संध्याकाळी ताईने स्टूल घेऊन माळ्यावरची मोठी बॅग खाली ओढली, फडक्याने झटकली आणि चिंगीपुढे आणून ठेवली.

“हिचं एक चाक अडकतंय,” ती म्हणाली. “यंत्रवाली ना तू, कर दुरुस्त.”

चिंगीने रात्रीच्या जेवणाआधी चाक दुरुस्त केलं आणि शुक्रवारी सकाळी हो म्हणून कळवलं.

लॉन्ड्रीतही एक गंमत झाली. उंच ट्रॉलीवाला नेहमीसारखा चहाला आला, तर ताईने चहा मागवलाच नाही. विचारलं, का जायचं होतं रे तुला तेव्हा? तो बावरला. इतक्या खेपा घातल्या होत्या, पण हे त्याला कोणी विचारलेलं नव्हतं. मग हळूहळू सांगू लागला की भावाचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, भाऊ एकटा पडलाय, दोघांनी मिळून ते चालवावं असं लहानपणापासूनचं बोलणं आहे. अजून वाटतं का, ताईने विचारलं. वाटतं, तो म्हणाला. महिन्याअखेर तो गेला. मालकीणबाई धावत आल्या, अगं तुझ्या हातून माणूस सुटला? ताई म्हणाली, तुम्हीच शिकायला पाठवलंत, आता भोगा. पण तिने त्यांना हेही सांगितलं की बाकीच्या ट्रॉलीवाल्यांनाही विचारलं, तर दोघांची पाठ धरली आहे आणि भीतीने ते बोलत नव्हते, तेव्हा ट्रॉल्यांची चाकं बदलून घ्या. मालकीणबाईंनी टेबलावरचे बाहेरचे अर्ज उचलून कपाटात टाकले. वर्षभर थांबते म्हणाल्या.

चिंगी निघाली त्या सकाळी ताईने दोन नव्या चादरी काढल्या. कारखान्याच्या रोलरवरून त्या मायलेकींनीच आदल्या दिवशी काढलेल्या होत्या. चिंगी रोलरवर पहिल्यांदाच उभी राहिली होती, तरी चादरी सरळ गेल्या. बॅगेत त्या सगळ्यांत वर ठेवल्या. बाबांनी रजा घेतली होती. लांबच्या गाडीच्या ड्रायव्हरशी त्यांची गाठ पडताच दोघे ब्रेकबद्दल बोलू लागले, बाबा एकदम बोलके. संख्याशास्त्र फोनवरून शिकवीन, असं चिंगी पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ताई बरं बरं म्हणत तिच्या ओढणीची पिन उगीचच काढून लावत होती. काय खायचं, काय नाही, कोणाशी बोलायचं, यातलं एक अक्षरही ती बोलली नव्हती. सकाळपासून धरून ठेवलं होतं.

गाडीने भोंगा दिला. चिंगी पायरीवर चढली तशी ताईने तिचं मनगट धरलं.

“एक प्रश्न राहिलाय,” ती म्हणाली. “मार्क गेले माझे त्याचे.”

चिंगी थांबली. ताईने पदर सारखा केला आणि अगदी परीक्षेतल्यासारखं सरळ उभं राहून विचारलं, “आमच्याकडे पुन्हा यायला आवडेल का तुम्हाला?”

चिंगीने ओढणीची पिन चाचपली. मग म्हणाली, “आवडेल. जागा रिकामी असेल तर.”

“ती जागा आम्ही भरत नसतो,” ताई म्हणाली, आणि तिने मनगट सोडलं.